दोन डावी दारं

मंगळवार, ४ मार्च

ही वही मीच बांधलेली आहे. एका गिऱ्हाइकाने सांगितली आणि न्यायला आलाच नाही. पाठीला कापड, कोपऱ्यांना रेक्झिन, आत सगळं कोरं. कोऱ्या वहीचं एक बरं असतं, तिला काही सांगितलं तर ती निदान ‘हं’ म्हणून गप्प बसत नाही. आमच्या घरात सध्या माझ्या वाट्याला तेवढंच येतं.

ह्यांच्या गाडीच्या दारांचं काम मी अंगावर घेतलं आहे. गाडी म्हणजे म्हातारचळ. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसाने बाग करावी, नाहीतर मुकाट्याने पेपर वाचावा. ह्यांनी जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. निळा रंग उडालेला, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते. बाहेरून अजून तोरा आहे. आतून मात्र दारांची पॅनलं म्हणजे नुसता पुठ्ठा आणि त्यावर ताणलेलं रेक्झिन. डावीकडचं वाकून दारापासून सुटलं आहे. उजवीकडच्याचा तर पाणी पिऊन लगदा झाला आहे. एवढ्या ऐटबाज गाडीला आतून वहीच्या पुठ्ठ्याची दारं, हे बघून मला हसूच आलं. हे म्हणाले, ‘तुझंच काम आहे हे. पुठ्ठा आणि रेक्झिन.’ गेल्या कित्येक महिन्यांतलं हे सगळ्यात लांब वाक्य असेल.

मी हो म्हटलं, पण का ते फक्त इथे लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या घरातली वरची खोली रिकामी केली आहे. ‘ये आणि कायमची राहा,’ म्हणते. भिंतीशी संसार करून मी थकले आहे. भांडण नाही, मारहाण नाही, बाहेरचं काही नाही. नुसतं मी बोलते आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. ही दारं झाली की मी जाणार. अर्धवट काम टाकून मी कुठूनच कधी गेलेले नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आज दोन्ही पॅनलं काढली. प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांवर बसवलेली असतात. माझ्या हाडाच्या पट्टीने (कागदाची घडी दाबायची, लग्नाआधीपासून माझ्याकडे आहे) हळूच उचकटली तर काही खिट्ट्या निघाल्या, काही तुटल्या. उजव्या पॅनलचा खालचा भाग हातातच आला.

काढायच्या आधी एक गंमत झाली. मी म्हटलं, ‘उजवं दार फार खडखडतं.’ हे म्हणतात, ‘मुळीच नाही. डावं खडखडतं.’ अहो, चालवताना उजवं दार तुमच्या कानाशी असतं! इंजिन चालू करून दाखवलं. पॅनल वाळक्या पानासारखं थरथरत होतं. हे समोर बघत बसले. शेवटी मीच त्यांचा तळहात धरून पॅनलवर ठेवला. तेव्हा कुठे मान डोलावली. ‘आहे खरं.’ बायको म्हणते म्हणून पटत नाही, हात लावून खात्री करून घ्यायची. इतका अविश्वास!

रविवार, ९ मार्च

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार ढेरपोट्या, बोलका. म्हणाला, ‘ही पॅनलं आता कोणी बनवत नाही. जुनी मिळाली तरी तीही वाकलेलीच असणार. करून घ्या.’ खिट्ट्या मात्र त्याच्याकडे होत्या. तो ह्यांना काहीतरी विचारत होता आणि हे रॅकवरचे आरसे निरखत होते. मीच पुढे होऊन उत्तरं दिली. हल्ली सगळीकडे असंच होतं. फोन वाजला की ह्यांना अंघोळ आठवते. टीव्ही तर बंदच केला आहे. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं म्हणे.

पण येताना गाडीत? तोंडाचा पट्टा सुरू! मशीनवरचे जुने दिवस, वाटेतलं वळण, मी मधेच काही म्हटलं तर त्यावर उत्तर, वर कोपरखळी. मी डावीकडे बसून बघत राहिले. हाच माणूस जेवायच्या टेबलावर मूग गिळून बसतो. तिथे मी ह्यांच्या उजव्या हाताला बसते, लग्न झाल्यापासून तीच जागा, आणि तिथे माझ्या दहा वाक्यांना एक हुंकार. गाडीत बसलं की जीभ सुटते. म्हणजे ह्यांना बोलता येतं, पण घरी बोलायचं नसतं.

एका मोटारीचा मत्सर वाटावा, ही काय वेळ आली माझ्यावर.

गुरुवार, १३ मार्च

कामाला लागलं की बरं वाटतं. जुनी पॅनलं का वाकली ते मला पाहताक्षणीच कळलं होतं. पुठ्ठ्याला एकाच बाजूने काही चिकटवलं की वाळताना ते पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. म्हणून आम्ही मागूनही एक कागद देतो. दोन्हीकडून सारखी ओढ असली की पुठ्ठा सरळ राहतो. गाडी बनवणाऱ्यांनी मागची बाजू तशीच उघडी सोडली होती, वर दाराच्या पोटातली ओल. मी कडक पुठ्ठा आणला आहे. दोन हात वार्निश, मागून कागद, पुढून फेल्टचा पातळ थर आणि त्यावर काळं रेक्झिन. आणि दाराच्या पोटाला नवा प्लॅस्टिकचा कागद. तो उजव्या दाराला आजच लावून झाला.

आखणं आणि कापणं हे करणार, चढवणं मी. उजवं पॅनल कुजलेलं, म्हणून दोन्हींचा साचा डाव्यावरूनच घ्यायचा. हे आखत होते तेव्हा मी शेजारी उभं राहून बजावलं, ‘दुसरा कापताना साचा पालथा ठेवा हं, नाहीतर उजव्याला बसायचं नाही.’ हे ‘हो’ म्हणाले. मान वर केली नाही, पण हो म्हणाले.

आणखी एक. ‘आधी तुझी बाजू कर,’ म्हणाले. म्हणजे डावी. बाजूला बसणाऱ्याला दिसते ना ती! पाहुण्यांपुढे मिरवायचं असणार.

रविवार, १६ मार्च

धाकटीचा फोन. ‘खोलीला पडदे कोणत्या रंगाचे लावू?’ मी म्हटलं, काहीही लाव. ‘त्यांना सांगितलंस का?’ सांगेन. ‘कधी सांगशील, दारात रिक्षा उभी राहिल्यावर?’ तिचं खरं आहे. पण पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? ते मला ओतवत नाही आणि घड्याला कळत नाही.

डावं पॅनल चढवून दाराला बसवलंसुद्धा. इतकं सुंदर बसलं की मी दोनदा हात फिरवला. दुसरंही चढवून शिकंज्यात दाबून ठेवलं आहे.

माझी हाडाची पट्टी सापडत नाही. ह्यांना विचारलं तर खांदे उडवले. नक्की ह्यांनीच रंगाचा डबा उघडायला घेतली असणार आणि कुठेतरी टाकली असणार. चाळीसेक वर्षं सांभाळलेली वस्तू.

बुधवार, १९ मार्च

दोन्ही डावी.

शिकंज्यातून पॅनल काढलं, उजव्या दाराला लावलं, तर काच खाली करायच्या हँडलचं भोक मागे. उलटं धरलं तर भोक जागेवर, पण रेक्झिन दाराच्या आत आणि मागचा कागद आपल्याकडे. म्हणजे साचा पालथा ठेवलाच नव्हता. दोन पुठ्ठे, दोन्ही डाव्या दाराचे.

मी ओरडले. खरंच ओरडले. ‘सांगितलं होतं ना मी पालथा ठेवा म्हणून!’

‘कधी?’

‘इथेच. तुमच्या शेजारी उभी राहून. तुम्ही हो म्हणालात!’

ह्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा शाळेत पाटी फुटलेल्या मुलासारखा झाला. ‘म्हणालो असेन,’ एवढं बोलून अंगणात निघून गेले.

म्हणालो असेन! म्हणजे ‘हो’ हा आवाज आहे, त्याला काही अर्थ नाही. मी फुकाची बडबड करणारी एक बाई आणि हे हो म्हणणारं यंत्र. ते रेक्झिन, ते फेल्ट, ते दोन दिवस, सगळं गेलं त्याचं मला काही नाही. पण मी बोलते ते कानापर्यंतसुद्धा जाऊ देत नाहीत, याचा अर्थ काय घ्यायचा मी?

(वहीपुरतं कबूल करते, चढवताना मीही पाहिलं नाही. वहीच्या पुठ्ठ्यांना डावं-उजवं नसतं. पुढचा मागे लावला तरी चालतो. हात सवयीने चालत राहिले. पण हे ह्यांना सांगणार नाही.)

बॅग काढली. रोजचे कपडे भरले. कपाटाखाली ठेवली आहे.

गुरुवार, २० मार्च

सकाळी उठले तर नवा पुठ्ठा कापून टेबलावर ठेवलेला. साचा पालथा ठेवून. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. वर पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत ‘उजवा’ असं लिहून खाली रेघ मारलेली.

 मी मुकाट्याने वार्निशचा हात दिला.

शनिवार, २२ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

उजवं पॅनल बसवायला घेतलं. मी चालवायच्या सीटवर आडवी होऊन पॅनल गुडघ्याने दाबून धरलेलं. हे गॅरेजच्या त्या टोकाला, कामाच्या टेबलाशी. मी हाक मारली, ‘अहो, पेचकस द्या.’ काही नाही. परत मारली. तिसऱ्यांदा मारावीशी वाटली पण तोपर्यंत मी उरलेल्या खिट्ट्या ओठांत धरल्या होत्या, शिवताना सुया धरतो तशा. तोंड बंद. ह्यांनी सहज इकडे पाहिलं, आणि माझा हात आपोआप वर गेला. तळहातावर बोट गोल फिरवलं.

छापखान्यातली खूण; मीही तिथेच बांधणीला होते. मशीनी चालू असल्या की तिथे बोलणं अशक्य. सगळे हातांनी बोलायचे. मूठ म्हणजे थांबव. दोन बोटं कपाळाला म्हणजे साहेब आले. तळहातावर बोट फिरवलं म्हणजे पेचकस. कितीतरी वर्षांत मी ती खूण केली नव्हती.

हे ताडकन उठले. पेचकस आणून माझ्या हातात दिला. आणि जाता जाता वळून अंगठा ओठांना लावला. चहा? मी मान हलवली. मग थोडे थांबले आणि छातीवर दोन बोटं दोनदा आपटली.

ती खूण साहेबांना माहीत नव्हती. ती आमची होती. संध्याकाळी फाटकाशी थांब. लग्नाआधी मशीनच्या त्या बाजूने हे करायचे आणि मी बांधणीच्या टेबलावरून न बघितल्यासारखं दाखवायची. चेहरा आज तसाच खुलला होता.

मी खिट्ट्या तोंडातून काढल्या. पॅनल सोडून गाडीतून उतरले. हे स्टोव्हशी चहाचं पाणी ठेवत होते. मी जाऊन उजव्या बाजूला उभी राहिले, अगदी खांद्याशी, आणि हळू, नेहमी बोलते तसंच बोलले, ‘मी धाकटीकडे राहायला चालले आहे. कायमची.’

ह्यांनी साखर घातली. ढवळली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मी मागून फिरून डाव्या बाजूला गेले. तेवढ्याच आवाजात म्हटलं, ‘साखर कमी घाला.’

‘घातलीच आहे कमी,’ हे म्हणाले.

मग एकेक आठवत गेलं. हसू की रडू ते कळेना. जेवायच्या टेबलावरची माझी जागा. फोन. दुकानदार. तो हो. मी महिनोन्‌महिने एका बंद दाराशी बोलत होते आणि पलीकडचा माणूस आत उभा होता.

रविवार, २३ मार्च

आज गाडीतच बसलो, गॅरेजमध्ये, इंजिन बंद. मी डावीकडे. म्हटलं, ‘अहो, तुम्हाला उजव्या कानाने ऐकू येत नाही.’

 हे नव्या पॅनलवर तळहात ठेवून म्हणाले, ‘डाव्यानेही कमीच झालंय.’

‘मग सांगितलं का नाहीत?’

‘आमच्या वडिलांचं आठवतंय ना तुला?’ आठवतं. मी नवी सून होते तेव्हा सासरे कोपऱ्यात बसलेले असत. ‘आधी सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचे. मग ओरडायचा कंटाळा आला. मग बोलणंच सोडलं. जेवायला बोलवायचं तर ताट वाजवायचे. मला वाटलं, जितकं लपेल तितकं लपवावं. तोवर तू बोलशील.’

‘आणि मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झाले.’

‘तू?’ एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. मग म्हणाले, ‘बॅग बघितली मी. कपाटाखालची.’

‘मग विचारायचं ना!’

‘तू उत्तर दिलं असतंस. ते ऐकू आलं नसतं तर पंचाईत. आणि आलं असतं तर त्याहून पंचाईत.’

मी रडले. हे रुमाल शोधत बसले आणि शेवटी रेक्झिन पुसायचं फडकं दिलं. त्याला चिकटवायच्या सोल्यूशनचा वास होता. मी त्यातच नाक शिंकरलं.

मंगळवार, २५ मार्च

कानाच्या डॉक्टर बाई तरुण, शांत. ह्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. म्हणाल्या, मशीनचा आवाज. उजवा कान वर्षानुवर्षं मशीनकडे असणार. होताच. यंत्र लावून बरंच ऐकू येईल. पण एकाच कानाचं ऐकणं इतकं जास्त गेलं आहे, तर आत गाठबिठ नाही ना, ते एकदा बघून घेऊ.

गाठ हा शब्द ऐकला आणि मी खुर्चीची कड घट्ट धरली. ह्यांनी तो ऐकला की नाही कोण जाणे. येताना मीच एकटी बोलत होते, आणि नेहमीपेक्षा जास्त.

शुक्रवार, २८ मार्च

गाठ नाही. काही नाही. नुसता म्हातारा, दमलेला कान आहे.

जीव भांड्यात पडला. घरी येऊन बॅगेतले कपडे कपाटात लावले आणि इतकी गाढ झोपले की ह्यांनी येऊन हलवलं, बरी आहेस ना म्हणून.

रविवार, ३० मार्च

धाकटीला सांगितलं. म्हणाली, ‘म्हणजे मी खोली झाडली, पडदे शिवले, ते फुकट?’

‘फुकट कसे? आम्ही येतो ना राहायला. दोघं. गाडीने.’

‘त्या गाडीत बसतं का कोणी माणूस?’

‘बसतं,’ मी म्हटलं. ‘दारं बघ एकदा, मग बोल.’

तिचा राग खोटा होता. फोन ठेवताना विचारलंच, ‘कधी येताय?’ जेवायच्या टेबलावर मी आता ह्यांच्या डावीकडे बसते. पहिल्या दिवशी दोघंही चुकीच्या ताटाशी बसलो.

जास्तीचं डावं पॅनल मी ठेवून घेतलं आहे. मांडीवर आडवं घेतलं की लिहायला छान. ही वही आत्ता त्यावरच आहे.

रविवार, ६ एप्रिल

काल यंत्र मिळालं. शेंगदाण्याएवढं आहे, उजव्या कानामागे दिसतही नाही. पहिले काही तास हे नुसते दचकत होते. नळ केवढ्याने वाजतो! चप्पल केवढ्याने! मला म्हणाले, ‘तू चालताना गुणगुणतेस.’ मी म्हटलं, ‘नेहमीच गुणगुणते.’ 

आज सकाळी गाडी काढली. गल्लीच्या वळणाशी गेलो नाही तोच हे थांबले. ‘अगं, ह्या दारात काहीतरी वाजतंय.’

‘कुठल्या?’

‘माझ्या.’

माझ्या हातचं दार! मी कान दिला. मला काही ऐकू येईना. ‘काही वाजत नाहीये,’ मी ठसक्यात म्हटलं. हे हसले. माझा हात ओढून घेतला आणि उजव्या पॅनलवर ठेवला. खाली, कोपऱ्यात, अगदी बारीक टकटक लागत होती.

‘आहे खरं,’ मी म्हटलं.

परत गॅरेजमध्ये. पॅनल उतरवलं, प्लॅस्टिकचा कागद कडेने सोडवला, दाराच्या पोटात हात घातला आणि माझी हाडाची पट्टी बाहेर आली. प्लॅस्टिक चिकटवताना मीच आत ठेवली असणार आणि वरून बंद केलं असणार. ह्यांच्यावर किती आळ घेतला मी! ह्यांनी भुवया अशा उंचावल्या की बोललेलं परवडलं असतं.

पॅनल परत बसवायला हे गुडघ्यांवर वाकले. मी त्यांच्या उजव्या बाजूला, खांद्याशी उभी होते. आवाज चढवला नाही, उलट थोडा खालीच आणला.

‘मी कुठेही चालले नाहीये,’ मी म्हटलं.

हे खिट्टी दाबत होते. मान वर न करता म्हणाले, ‘ऐकलं. आता ती पुढची खिट्टी दे.’